पहाटे उठणारा भाऊ

लंडन ते वेलिंग्टन हे अंतर सरळ रेषेत जवळजवळ एकोणीस हजार किलोमीटर आहे. एका दमात तिथं नेणारं विमान नाही. मध्ये कुठंतरी उतरायचं, दुसरं विमान धरायचं, पुन्हा उतरायचं. सगळं धरून एक दिवस आणि वर बरेच तास जातात. हे मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. वेलिंग्टन ही न्यूझीलंडची राजधानी आहे हे त्या काळी आमच्या मंगळवार पेठेत फार तर दोघांना माहीत असेल, आणि ते दोघं एकाच घरात राहत होते. एक मी आणि दुसरा माझा दादा. मला त्यानंच शिकवलं. शिकवताना त्याच्या डोक्यातही आलं नसेल की ही पोर एक दिवस त्याच गणितानं आपल्याला पकडेल.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमच्याकडं पृथ्वीचा गोल नव्हता. शाळेत एक होता, तो कपाटावर धूळ खात असायचा आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. म्हणून दादानं एक जुना रबरी चेंडू घेतला आणि नकाशाच्या पुस्तकात बघून बघून त्यावर बॉलपेननं जगातल्या राजधान्या मांडल्या. हाताच्या घामानं त्या पुसायच्या, आम्ही पुन्हा काढायचो. मग खेळ असा, की एकानं दोन राजधान्या सांगायच्या आणि दुसऱ्यानं त्यांच्यातलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ ओळखायचा. आईच्या शिलाई मशीनच्या रिळाचा दोरा चेंडूवर ताणून अंतर मोजायचं, तासाला नऊशे किलोमीटर धरायचे, वर चढायचा-उतरायचा एक तास. जो हरेल त्यानं घरातली सगळी अंथरुणं घालायची. मी इतकी वर्षं अंथरुणं घातली की लग्नानंतर सासूबाईंनी माझं पहिलं कौतुक केलं ते त्याचंच.

दिवस-रात्रीचा फरकही त्यानंच शिकवला, बॅटरीच्या उजेडात चेंडू फिरवून. लंडन-वेलिंग्टन ही त्याची लाडकी जोडी. अंगठा लंडनवर आणि मधलं बोट वेलिंग्टनवर ठेवून तो चेंडू माझ्या नाकासमोर धरायचा आणि म्हणायचा, "हितनं तितं गेला की माणूस संपला बघ. ह्याच्यापेक्षा लांब जाताच येत न्हाई. पुढं पाऊल टाकलं की परत जवळ यायला लागतंय." मला ते फार भारी वाटायचं. एवढ्या लांब कोण कशाला जाईल, असं मी विचारायचे. तो नुसता हसायचा.

आबांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, अंतराचं माप वेगळं होतं. ते शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात कामाला होते. गुळाच्या रव्या-ढेपांत हयात घालवलेल्या या माणसाचं किलोमीटरशी काही देणंघेणं नव्हतं. ते प्रवास रात्रींत मोजायचे. पुणं अर्ध्या रात्रीचं. मुंबई एका रात्रीची. एका रात्रीत पोचता येतं ते सगळं जवळ, त्यापलीकडचं लांब. लांब गेलेला माणूस त्यांच्या लेखी गेलाच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दादाला लंडनला कॉम्प्युटरची नोकरी लागली तेव्हा आबांनी एकच प्रश्न विचारला. आई स्वयंपाकघरात त्याच्यासाठी कांदा-लसणीची चटणी डब्यात दाबून भरत होती, दादा तिथंच पाटावर बसला होता, मी दारात.

"किती रात्रीचं हाय रं लंडन?"

"एकाच की, आबा. मुंबईत रात्री बसलं की सकाळी लंडन."

आबा मोकळे झाले. "मग जा. मुंबई काय नि लंडन काय. पण एका रात्रीच्या पलीकडं जायचं न्हाय. हितनं हाक मारली तर दुसऱ्या दिवशी दारात दिसला पायजेस."

"न्हाई जात, आबा." असं म्हणून दादानं चटणीत बोट बुडवून चाटलं आणि तिखटानं डोळ्यांत पाणी आणलं. ते पाणी बघून आईही रडली.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मधे एकदा तो येऊनही गेला. ती भेट मला चांगली आठवते, कारण तो सकाळी अकरापर्यंत उठायचा नाही आणि रात्री सगळं घर पेंगलं तरी हा टक्क जागा. मला उठवून म्हणायचा, "चेंडू आण." लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागं, म्हणजे आपली मध्यरात्र ही त्याची संध्याकाळ, हे मी आबांना समजावून सांगितलं. आबांना ते इतकं पटलं की त्या दिवसापासून ते कुठल्याही वेळेतून बोटं मोजत साडेपाच वजा करायला शिकले. रात्री जेवायला बसले की म्हणायचे, आता त्येच्याकडं दुपार झाली.

पुढं आमच्या घरी फोन आला. पत्रं हळूहळू बंद पडली, पत्र कशाला, फोन आहे की. दादाचा फोन रविवारी संध्याकाळी यायचा. मग कधीतरी तो एकदम रविवारी सकाळी नऊला यायला लागला. आबांनी बोटं मोजली आणि दचकले. "आरं, तुज्याकडं पहाटंचं साडेतीन वाजल्यात!" दादा म्हणाला, पहाटे लाईन लगेच लागते, दरही कमी पडतो, उठतो मी, त्यात काय.

त्यात काय! आमच्या घरात त्या दिवसापासून रविवार म्हणजे सण झाला. लंडनच्या थंडीत, काळोखात, गरम पांघरूण टाकून पोरगं आपल्यासाठी उठतं, ही गोष्ट आबांनी दुकानात सांगितली, केस कापायला गेल्यावर सांगितली, आमच्या गल्लीत तर प्रत्येक उंबऱ्यावर सांगितली. रविवारी साडेआठलाच आंघोळ उरकून, धुतलेला सदरा घालून ते फोनपाशी बसायचे. आई हसायची, फोनात काय दिसतंय व्हय तुमचा सदरा? आबा म्हणायचे, "पोरगं झोपमोड करून फोन करतंय आणि आपण पारोसं बसायचं?" मलाही ते खरं वाटायचं. माझा ऊर भरून यायचा. मैत्रिणींचे भाऊ सांगलीहून फोन करत नव्हते आणि माझा लंडनहून पहाटे उठत होता.

दरसाल आई चटणी डंकावर कांडून आणायची. लंडनला कुणाच्या ओळखीतलं माणूस जातंय असं कळलं की एक डबा त्याच्या गळ्यात मारायची. आमच्याकडं ही पद्धतच आहे. परदेशी जाणाऱ्या माणसाची अर्धी बॅग दुसऱ्याच्या चटणीची असते. दादा फोनवर म्हणायचा, "आई, औंदाची लई झणझणीत झालीया." आई पुढचा आठवडाभर तेच एक वाक्य घोळवायची.

माझं लग्न ठरलं कबनूरला. सासरी यंत्रमाग होते, घरामागेच शेड. मुहूर्त मार्गशीर्षातला, गोरज, म्हणजे दिवस मावळतानाचा. तारीख धरताना मी एकच हट्ट केला, की दादा आला पाहिजे. कानपिळी त्यानंच करायची. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो आणि बहिणीला नीट सांभाळ अशी ताकीद देतो, मग नवऱ्याकडचे त्याला मान देऊन सोडवून घेतात. सगळ्या लग्नात हसायचा हाच एक विधी, आणि मला त्याचीच ओढ होती. आपल्या पाठीशी कुणीतरी उभं आहे, हे चारचौघांत दाखवायचा दुसरा प्रसंग मुलीच्या आयुष्यात येत नाही. दादा म्हणाला, "यणार म्हंजे यणार. जावईबापूंना कान धुवून ठेवायला सांग."

तो लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मुंबईच्या रात्रीच्या गाडीनं आला. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याच्याकडं बघतच राहिली. "काळवंडलास की रं! थंडीच्या मुलकात माणूस गोरं हुतंय म्हणत्यात, तू रापलास कसा?" दादा हसून आत गेला. दिवसभर त्यानं उत्साहानं मांडवाची कामं केली. संध्याकाळी हळदीच्या वेळी मात्र तो कुठं दिसेना. बघितलं तर भांड्यांच्या खोलीत पोत्यांवर गाढ झोपला होता. प्रवासाचा शीण, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. दुसऱ्या दिवशी आई पहाटे उठली तर हा आधीच उठून, चूल पेटवून, पाणी तापवून बसलेला. आईला केवढं कौतुक वाटलं! पहाटे उठायची सवयच लागली बघ पोराला, असं ती मला हळद धुताना सांगत होती.

अक्षता पडल्या तेव्हा सूर्य नुकताच मावळला होता. भटजींनी हाक दिली, नवरीच्या भावाला बोलवा. कुणी बोलवायला गेलं. मग आणखी कुणी गेलं. नवऱ्याकडची मंडळी चेष्टा करायला लागली, पावणं कान बघून पळालं काय? मी मान खाली घालून बसले होते, पण कान सगळे दाराकडं. शेवटी एक काका येऊन म्हणाले, "त्यो वरच्या खोलीत झोपलाय. हलवलं, पानी मारलं, डोळं उघडतोय आणि परत मिटतोय."

आबांनी मांडवातच बोटं मोजली. मला ते स्पष्ट दिसलं. "आरं, लंडनला आता दुपारचा एक वाजलाय," ते व्याह्यांना सांगत होते, जणू आपल्याच हातून गुन्हा झाला होता. "भर दुपारी कसली झोप लागतीया ह्येला?"

कान माझ्या मावसभावानं पिळला. सगळे हसले, मीही दात दाखवले. पण आबांचं ते वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. लंडनला दुपारचा एक. मागच्या वेळी हाच माणूस आपल्या मध्यरात्री टक्क जागा असायचा. आता तो दिवस मावळला की पडतो आणि कोंबडा आरवायच्या आधी उठतो. शरीर खोटं बोलत नाही. माणूस लंडनहून आला तर झोप एका बाजूला सरकते, याची झोप उलट्या बाजूला सरकली होती. अंगावर शालू, कपाळाला मुंडावळ्या, समोर होमाचा धूर, आणि मी मनात चेंडू फिरवत होते. संध्याकाळी सहाला जिथं गुडूप रात्र असते तो देश आपल्या पूर्वेला हवा, चांगला लांब पूर्वेला. मला उत्तर दिसत होतं आणि मी ते बघायचं टाळत होते, कारण लग्नाच्या दिवशी असलं कुणी बघत नाही.

दोन दिवसांनी तो मला न्यायला मुराळी म्हणून कबनूरला आला. नव्या नवरीला आठ-दहा दिवस माहेरी परत नेतात, आणि न्यायला भाऊ येतो. सकाळची वेळ, हा एकदम ताजातवाना. मागांच्या खटखटाटात सासऱ्यांशी मोठमोठ्यानं बोलत होता, सासूबाईंना लंडनच्या धुक्याच्या गोष्टी सांगत होता. मी ऐकत होते. धुक्याचं वर्णन अगदी छान करत होता.

एसटीत आम्हाला मागचं बाकडं मिळालं. गाडी हलली तसं मी विचारलं, "दादा, कुठनं आलास?"

"म्हंजे? लंडनहून."

"लंडनहून आलेलं माणूस दिवस मावळताना झोपत न्हाय. मागच्या बारीला तू अकराला उठत हुतास. मला शिकवलंयस तूच."

तो खिडकीतून बाहेर ऊस बघत राहिला. हातकणंगले आलं, माणसं चढली, उतरली. गाडी पुन्हा निघाल्यावर म्हणाला, "आपली लाडकी जोडी आठवतीया?"

मला आठवत होती. त्यानं नाव घ्यायची गरजच नव्हती.

"कधीपास्नं?"

"दोन वर्षं झाली."

दोन वर्षं. सकाळचे फोन सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. मी मनातल्या मनात आपल्या नऊमध्ये साडेसहा तास मिळवले. दुपारचे साडेतीन, त्यांच्या उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करतात म्हणून साडेचार. म्हणजे रविवारी दुपारी जेवून, पाय पसरून, खिडकीत ऊन आलेलं असताना हा माणूस आम्हाला फोन लावत होता. आणि इकडं धुतला सदरा घालून आबा त्याच्या थंडीनं कुडकुडत होते.

"आणि चटणी?" मी विचारलं. का कुणास ठाऊक, पण पहिलं तोंडात तेच आलं.

"जुन्या खोलीवर मित्र राहतोय. डबा त्येच्याकडं जायचा. त्यो फोन करून सांगायचा, आली म्हणून."

"तू खाल्ली न्हाईस."

"न्हाई."

"मग झणझणीत झाली हे कुणी सांगितलं?"

"दरसाल असतीयाच की."

मला तिथं एसटीत त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हातातला हिरवा चुडा वाजेल म्हणून मारली नाही. मी विचारलं, का? नोकरी चांगली मिळाली म्हणून, असं तो आधी म्हणाला. मी पुन्हा विचारलं तसं खरं बोलला. ते खरं त्यानं खोटंच ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

"लंडन लई जवळ हुतं गं. आबा म्हणायचं, एका रातीचं तर हाय. गणपतीला ये, यात्रेला ये, घराचं पत्रं बदलायचं हायत, ये. न्हाई म्हणायला तोंड नसायचं. मला एवढं लांब जायचं हुतं की कुणी हाक मारली तरी येता येऊ नये. मग तिथली नोकरी निघाली."

"आणि मी?"

"तुझं काय?"

"माझी पण हाक ऐकू येऊ नये असं वाटलं?"

तो म्हणाला, तुझ्यासाठी आलोच की. हे त्यानं इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं की मला रडूच फुटलं. आलास आणि झोपलास, दादा. माझ्या नवऱ्याचा कान दुसऱ्यानं पिळला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला वाटलं, नवी नवरी आहे, माहेरच्या आठवणीनं रडतेय. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि दादालाच नवरा समजून म्हणाली, "चार दिसांत रुळंल बघा, पावणं."

सगळ्यात जास्त राग कशाचा आला, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. लांब गेला याचा नाही. माणसं जातात. राग आला तो पहाटेचा. त्यानं आम्हाला एक पहाट दिली होती, त्याची थंडी, त्याचा काळोख, त्याची मोडलेली झोप, आणि ती मुळात नव्हतीच. आम्ही दोन वर्षं त्या पहाटेचे उपकार मानत होतो. आणि हे करताना त्यानं वापरलं काय, तर आमचाच खेळ. आबांना साडेपाच वजा करायला मीच शिकवलं होतं. त्या वजाबाकीवरच तो निवांत राहिला.

कोल्हापूर जवळ आलं तसं मी त्याला सांगितलं, जायच्या आधी आबांना सांगायचं. तोंडानं, समोर बसून. ते चिडतील, चार दिवस बोलायचे नाहीत, पण तू सांगायचंस.

"सांगतो."

"नक्की?"

"सांगतो म्हटलं की."

मी त्याला जागा करून दिली. एक दिवस आईला भाजीला म्हणून महाद्वार रोडपर्यंत लांब नेलं, मुद्दाम बांगड्यांच्या दुकानात वेळ काढला. परत आलो तर दोघं कट्ट्यावर बसून गुळाच्या भावावर बोलत होते. मी दादाकडं बघितलं, त्यानं मान हलवली, अजून नाही. दुसऱ्या दिवशी आबांचं डोकं दुखत होतं म्हणून नाही. तिसऱ्या दिवशी पाहुणे होते. चौथ्या दिवशी त्याची गाडी होती.

स्टेशनवर आम्ही सगळे गेलो. डब्यात सामान चढलं, आईनं चटणीचा डबा त्याच्या हातात दिला, या वेळी अगदी त्याच्याच हातात. गाडी सुटायला थोडा वेळ होता. मी डोळ्यांनी त्याला म्हणत होते, सांग, आता सांग. आणि आबाच बोलायला लागले.

"आयक. लग्नात तुजी ती झोप बघितली आणि माझा जीव तुटला. सा वाजता माणूस असा मेल्यागत झोपतोय म्हंजे किती झोप तुंबली आसंल! आमच्यासाठी पहाटंचं उठून उठून तुजी ही गत झालीया. आता सकाळी फोन करायचा न्हाय. आपल्या संध्याकाळी सातला कर. तुज्याकडं दुपारचा दीड. जेवून निवांत कर. आमाला काय, कवाबी चालतंय."

मी दादाकडं बघितलं. आपल्या संध्याकाळी सात म्हणजे तिकडं रात्रीचे अडीच. तोही मनात तेच मोजत होता, मला ते त्याच्या डोळ्यांत दिसलं. दोन वर्षं ज्याचं खोटं कौतुक घेतलं ते आता खरंच करायला लागणार होतं. आबांचा हात खिडकीच्या गजावर होता. एवढं तरी ऐकून तो सांगेल असं मला वाटलं. ओठ हलले सुद्धा.

"बरं, आबा," तो म्हणाला. गाडी सुटली.

मग मी का नाही सांगितलं? दुसऱ्यांदा सासरी जाताना ते माझ्या जिभेवर होतं. पण आबा त्या दिवसांत इतके सुखात होते! पोराची झोप वाचवली म्हणून गल्लीभर सांगत होते. आणि मला वाटलं, हे ज्यानं केलंय त्यानंच निस्तरावं, त्याची घाण मी का काढू? शिवाय एक आशा होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्या रविवारी सातला फोन आला तेव्हा मी माहेरीच होते. दादाचा आवाज जड, बसलेला. आबांनी विचारलं, "जेवून झोपला हुतास व्हय रं?" तो म्हणाला, व्हय. मी रिसीव्हर घेतला आणि त्याचा श्वास ऐकला. तिथं खरंच काळोख होता. तो खरंच उठला होता.

पुढच्या रविवारीही आला. त्याच्या पुढच्याही. मी कबनूरहून आईला फोन करून विचारायचे, आला का? आला. मागांच्या आवाजात मला नीट ऐकू यायचं नाही, पण 'आला' एवढं कळायचं, आणि माझा राग थोडा थोडा उतरायला लागला. दादा म्हणायचा ना, तिथून पुढं पाऊल टाकलं की माणूस परत जवळ यायला लागतो. रात्री अडीचला आई-बापासाठी उठणारा माणूस एक दिवस खरंही सांगेल, असं मी धरून चालले होते. माझ्या मते त्याची भरपाई चालू होती. मी मनात त्याला जवळजवळ माफ केलं होतं.

शिमग्यासाठी मी माहेरी आले. शनिवारी आले, रविवारी सकाळी उठून बघते तर आबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून फोनपाशी बसलेले. घड्याळात नऊला दहा कमी.

"आबा, फोन संध्याकाळी असतो न्हवं?"

आबांचा चेहरा असा फुलला होता की मला आजही तो तसाच दिसतो. "आगं, तुला सांगायचं ऱ्हायलं. गेल्या रविवारी त्योच म्हणाला, आबा, दुपारी माझी कामं असत्यात, मी आपला पयल्यागत सकाळीच करतो. मी म्हटलं, आरं पहाटंचं उठायला लागतंय तुला. तर म्हणतोय कसा, तुमच्यासाठी उठायची सवय झालीया, आबा, न्हाई उठलो तर करमत न्हाई." आबांनी खांद्यावरच्या पंच्यानं डोळे टिपले. "आपण नगं म्हटलं तरी पोरगं ऐकंना. आसा पोरगा मिळाय भाग्य लागतंय."

फोन वाजला. आबांनी घेतला, ओरडून ओरडून बोलले. थंडी किती हाय? काळोख हाय न्हवं? चूळ भरलीस का न्हाई? मग आई बोलली, औंदाच्या चटणीचं विचारलं, उत्तर ऐकून हसली. मग आबांनी रिसीव्हर माझ्यापुढं धरला. "बोल लवकर. बिचारा पहाटंचा उठलाय, परत झोपू दे त्येला."

मी रिसीव्हर कानाला लावला. तिकडून दूरवर गवत कापायच्या यंत्राचा आवाज येत होता आणि लहान पोरं भर उन्हात खेळताना ओरडतात तशी कुठंतरी ओरडत होती.

"दादा," मी म्हणाले, "दुपारचं जेवलास का?"

आबा मागून हसले. "येडी का खुळी! पहाटंचं कोण जेवतंय?"

मग दादा म्हणाला, "जेवलो."